कंबर धरू नये म्हणून रोजच्या जगण्यात काय बदलावे?

प्रश्न: बडोद्यात मांजलपूरला राहणारे, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहणारे ३८ वर्षांचे गृहस्थ विचारतात, "वडिलांच्या मणक्याची गादी सरकल्याने साठीत त्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. गेल्या वर्षभरात माझी कंबर दोनदा धरली आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत बरे वाटले. आता काही दुखत नाही, पण मनात धास्ती बसली आहे. कोणी फरशीवर निजायला सांगतात, कोणी पट्टा वापरायला सांगतात, तर कोणी वाकणेच बंद करा म्हणतात. नवरात्रात गरबा खेळावा की नाही? एमआरआय आताच काढून ठेवावा का? आणि पुढे त्रास होऊ नये म्हणून नेमके काय बदलावे?"

उत्तर:

आपली कंबर सध्या दुखत नाही, म्हणूनच हा प्रश्न अगदी योग्य वेळी विचारला गेला आहे. दुखणे ऐन भरात असताना माणूस शेक, गोळी आणि विश्रांती यांपलीकडचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, आणि दुखणे थांबले की विषयच मिटतो. या दोहोंच्या मधल्या काळातच सवयी बदलता येतात. बडोद्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करताना मला एक गोष्ट सातत्याने दिसत आली आहे. कंबर एकदा दुखून गेली की माणूस तिला काचेच्या भांड्यासारखी जपू लागतो. तो वाकत नाही, ओझे उचलत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जातो, आणि वर्षभरात त्याचे स्नायू इतके ढिले पडतात की भाजीची पिशवी उचलतानाही उसण भरते. आपल्याला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी हीच समजूत आहे. माझे मत याच्या उलट आहे. कंबरेला दिवसभरात वारंवार बदलणारी स्थिती हवी असते आणि हळूहळू वाढत जाणारे काम हवे असते. जपणूक हवी असते ती ठरावीक वेळेपुरती आणि ठरावीक कामांपुरतीच.

ती वेळ आणि ती कामे कोणती, हे समजण्यासाठी थोडी शरीररचना पाहावी लागेल. कंबरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांच्यामध्ये, आणि शेवटचा मणका व त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामध्येही, गाद्या असतात. गादीचा मधला भाग पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाचा असतो आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंच्या थरांचे कडे असते. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून जे झिरपून येते त्यावरच तिचे पोषण होते, आणि हे झिरपणे भार पडण्यावर व हलका होण्यावर, म्हणजे हालचालीवर, बरेचसे अवलंबून असते. दिवसभर उभे राहिल्या-बसल्याने गादीतले पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा आत शोषले जाते. त्यामुळे माणूस रात्रीपेक्षा सकाळी एक ते दोन सेंटिमीटर उंच भरतो. तंतूंचे हे कडे क्वचितच एकाच धक्क्याने फाटते. बहुतेकदा ते पुढे वाकण्याच्या आणि त्याच वेळी भार पेलण्याच्या पुनरावृत्तीने मागच्या बाजूला थोडेथोडे विरत जाते, आणि पायांकडे जाणाऱ्या नसांची मुळे नेमकी त्याच बाजूला असतात. लोक ज्याला "नस दबली" म्हणतात तो सायटिकाचा त्रास बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दोन गाद्यांपैकी एकीमुळे होतो.

आता जपण्याची वेळ. ती म्हणजे झोपेतून उठल्यानंतरचा पहिला तास. रात्रभर पाणी शोषून फुगलेली गादी सकाळी ताठ असते, तिच्याभोवतीचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे, ताणलेले असतात, आणि त्या वेळी पुढे वाकले तर तंतूंच्या कड्यावर दुपारी त्याच वाकण्याने पडेल त्याहून कितीतरी अधिक ताण येतो. दिवसभरात घटणारी उंची निम्म्याहून अधिक या पहिल्या तासातच घटते, म्हणजे तास-दीड तास उभे राहिल्या-चालल्याने गादी आपोआप सैल होते. अमेरिकेतील संशोधक स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळच्या पहिल्या दोन तासांत वाकणे टाळण्यास सांगितले होते, आणि एवढ्याशा बदलाने त्यांचे दुखणे कमी झाले. या उपायाला पैसा लागत नाही आणि कोणतेही उपकरण लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कोणी फारसा सांगत नाही.

आपल्या घरांतली सकाळ मात्र वाकण्याच्या कामांनीच भरलेली असते. माणूस अंथरुणातून झटक्यात उठून बसतो, बेसिनवर वाकून तोंड धुतो, खाली बसून बादलीतले पाणी तांब्याने अंगावर घेतो, ओणवा होऊन बुटांच्या नाड्या बांधतो. घरात केर-फरशी करणारी व्यक्ती असेल तर तिचे वाकणे याच्या दुप्पट. वर्षभरात दोनदा आपली कंबर धरली, ती दोन्ही वेळा सकाळीच धरली होती का, हे आठवून पाहावे. माझ्या रुग्णांपैकी बरेच जण शिंकताना किंवा नळाखाली वाकताना उसण भरल्याचे सांगतात, आणि वेळ विचारली तर ती बहुतेक सकाळची निघते.

बदल छोटेच आहेत. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने धड वर आणावे. तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर टेकवून गुडघे किंचित सैल सोडावेत. खोकला किंवा शिंक येते असे वाटले तर एका हाताने भिंत धरून छाती ताठ करावी. बादली न्हाणीघरातल्या ओट्यावर किंवा उंच स्टुलावर ठेवली की तांब्यासाठी वाकावे लागत नाही. बूट खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन घालावेत. आणि सूर्यनमस्कार घालत असाल तर ते अंथरुणातून उठल्या उठल्या घालू नयेत. आधी पाऊण-एक तास घरातली हिंडती-फिरती कामे किंवा चालणे व्हावे आणि मग सूर्यनमस्कार. आपल्याकडे पहाटेच्या व्यायामाला पुण्यकर्माचे स्थान आहे, त्यामुळे हा सल्ला ज्येष्ठांना रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

दुसरी जपण्याची गोष्ट म्हणजे वजन उचलण्याची पद्धत. येथे अंदाजाने बोलण्याची गरज नाही, कारण गादीतला दाब प्रत्यक्ष मोजला गेला आहे. स्वीडनचे अल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात ही मोजणी सुरू केली आणि जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने १९९९ साली ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या गादीत सूक्ष्म संवेदक बसवून ती पुन्हा केली. आडवे पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल (हे दाबाचे एकक) होता आणि सैल उभे राहिल्यावर ०.५. वीस किलोचे वजन पाठ गोल करून, गुडघे न वाकवता उचलल्यावर तो २.३ झाला, तेच वजन गुडघे वाकवून उचलल्यावर १.७, आणि अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१. मोजणी एकाच माणसावर झालेली असल्याने आकडे प्रत्येकाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु त्यांचा आपसांतला क्रम पुढेही तसाच आढळला आहे.

आता वीस किलो म्हणजे काय? न्हाणीघरातली मोठी बादली काठोकाठ भरली की साधारण वीस लिटर, म्हणजे वीस किलो. पाणी येण्याची वेळ संपत आली म्हणून आपण ती नळाखालून एका हाताने, अंगापासून लांब धरून, वर कमरेत वळून बाजूला ठेवतो. वाकणे, भार आणि पीळ या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडवून आणण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही. बादली अर्धी भरावी आणि दोन खेपा कराव्यात. भरलेलीच उचलायची असेल तर तिच्या अगदी जवळ, पाय खांद्याइतके फाकवून उभे राहावे, कुल्ले मागे ढकलत खुब्यातून वाकावे, कडी दोन्ही हातांनी धरून बादली दोन्ही पायांच्या मधून अंगालगत वर आणावी आणि दिशा बदलायची असल्यास कंबर न पिळता पावले टाकून वळावे. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन धरले तर सारे मिळून तीस किलोंच्या घरात जाते. त्यामुळे तो उचलू नये, बुडाच्या कडेवर कलता करून फिरवत न्यावा किंवा चाकांची जाळी घ्यावी. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आपल्या शहरातल्या वस्त्यांत शिरले, तेव्हा रात्रीतून फ्रीज, गाद्या आणि कपाटे वरच्या मजल्यावर चढवणाऱ्या कितीतरी जणांना पाणी ओसरल्यावर कंबरेने गाठले. अशा प्रसंगी पद्धत आठवत नाही, हाताला जी लागलेली असते तीच वळते.

ती हाताला लागावी म्हणून एक साधा सराव करावा. घरातली काठी किंवा केरसुणीचा दांडा पाठीवर उभा धरावा, असा की तो डोक्याच्या मागच्या भागाला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, या तीन ठिकाणी टेकेल. गुडघे थोडे सैल सोडून कुल्ले मागे सरकवत पुढे झुकावे आणि तिन्ही ठिकाणचा स्पर्श सुटू देऊ नये. बहुतेकांचा माकडहाडाकडचा स्पर्श पहिल्या झटक्यालाच सुटतो, कारण आपण खुब्यातून न वाकता कमरेतून वाकतो. दहा वेळा, दिवसातून दोनदा, असे काही आठवडे केले की धान्याचा डबा काढतानाही शरीर तसेच झुकू लागते. यात वाकणे बंद करण्याचा प्रश्न येत नाही. वाकण्यासाठी खुबे आहेत, आणि ते कंबरेपेक्षा कितीतरी दणकट आहेत.

बसण्याविषयी माझे म्हणणे थोडे वेगळे वाटेल. ताठ बसा, पाठ सरळ ठेवा, असे लहानपणापासून सर्वांनी ऐकलेले असते. विल्के यांच्या मोजणीत मात्र आधाराशिवाय सैल बसलेल्या माणसाच्या गादीतला दाब उभ्या माणसापेक्षा जास्त नव्हता, आणि पाठीला टेकून आरामात रेललेल्या स्थितीत तर तो उभे राहण्यापेक्षाही कमी, ०.३ मेगापास्कल होता. म्हणजे एखादी विशिष्ट बैठक वाईट असते असे नाही. वाईट असते ते तीच बैठक तासन्‌तास टिकवून धरणे. ताठ बसलेला माणूस दोन तास हलला नाही, तर त्याच्या कंबरेचे हाल पोक काढून बसणाऱ्यापेक्षा फारसे कमी होत नाहीत. आपले काम हिशेबाचे आहे. महिनाअखेरीस आणि मार्च महिन्यात आपण चार-चार तास जागचे उठत नसाल, हे मला न सांगताही कळते. दर अर्ध्या तासाने उठून मिनिटभर उभे राहावे, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हलकेच मागे वाकावे आणि पुन्हा बसावे. त्यासाठी घड्याळ लावण्यापेक्षा कामातच खुणा शोधाव्यात: फोन आला की उभे राहून बोलायचे, पाण्याची बाटली लहान ठेवायची, प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचा. खुर्चीची पाठ किंचित मागे कललेली असावी, कंबरेच्या पोकळीत पंचाची घडी ठेवावी, पाऊल पूर्ण टेकावे, आणि लॅपटॉप असेल तर तो जाड फायलींवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. महागडी खुर्ची घेण्याची घाई करू नये. तिच्यावरही माणूस अर्ध्या तासाने उठत नसेल तर पैसे वाया जातात.

घरी झोपाळा असेल तर तो काढू नये, असे मी आवर्जून सांगतो. त्यावर झालेले संशोधन माझ्या पाहण्यात नाही, परंतु पायाने झोका देत बसलेल्या माणसाची कंबर एका जागी थिजत नाही, आणि सोफ्यात रुतून मालिका पाहण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

मांजलपूर ते मकरपुरा हे अंतर थोडे असले तरी पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि कारखान्यांच्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता स्कूटरविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बसलेल्या शरीराला सतत बसणारे हादरे हे कंबरदुखीचे मान्य झालेले कारण आहे. ट्रॅक्टर आणि अवजड वाहने चालवणाऱ्यांत ते ठळकपणे दिसते. गतिरोधक आला की वेग कमी करून पावलांवर भार घ्यावा आणि बूड किंचित उचलावे, म्हणजे धक्का गुडघे झेलतात. टायरमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरू नये. मागच्या खिशातले पाकीट बसण्याआधी काढावे, कारण त्यावर बसल्याने कटी एका बाजूला कलते. स्कूटर स्टँडवर चढवताना मात्र हाताने न ओढता पायाचा भार वापरावा. ऑफिसच्या आवारात घाईघाईने मुख्य स्टँड लावताना कंबर धरल्याचे मी अनेकांकडून ऐकले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे चालणे. कंबर दुखून बरी झालेल्या बऱ्याच जणांना पुढच्या वर्षभरात पुन्हा त्रास होतो, आणि आपला खरा प्रश्न हीच पुनरावृत्ती टाळण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर नेमकी याच प्रश्नासाठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अलीकडेच कंबरदुखीतून बरे झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, दररोज ३० मिनिटे चालण्यापर्यंत नेले आणि उरलेल्यांना काहीच उपचार दिले नाहीत. काहीच न करणाऱ्यांत निम्म्या लोकांचे दुखणे ११२ दिवसांच्या आत उलटले. चालणाऱ्यांत तेवढ्याच लोकांचे उलटायला २०८ दिवस लागले. चालण्याने कंबरदुखी कायमची जाते, असा याचा अर्थ नाही. पण इतक्या स्वस्त उपायाकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवावीत. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. कमाटी बागेत पहाटे जाणे उत्तम, परंतु ते जमले नाही म्हणून चालणेच राहिले, असे होऊ देऊ नये. जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्याही चालतात. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात सकाळी सातनंतर चालण्याचा आग्रह धरू नये.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस, दहा-पंधरा मिनिटे, स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. व्यायाम आणि माहिती या दोन्ही मिळाल्या तर कंबरदुखी होण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. नुसत्या माहितीने तो घटल्याचे मात्र दिसले नाही, आणि कमरेच्या पट्ट्याने किंवा बुटांतल्या खास तळव्यांनीही नाही. यात आपल्या पट्ट्याच्या प्रश्नाचे उत्तर आले, आणि हे उत्तर केवळ वाचून ठेवणाऱ्यांसाठीही काही आले.

तीन व्यायाम पुरेसे आहेत. पहिल्यात हात आणि गुडघे जमिनीवर टेकवून उभे राहावे, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे जमिनीला समांतर उचलावा, आठ-दहा सेकंद धरून खाली आणावा आणि मग बाजू बदलावी. प्रत्येक बाजूने पाच-सहा वेळा पुरे. पाय फार वर नेला की कंबर खाली झोळते, म्हणून टाच कुल्ल्यापेक्षा उंच जाऊ देऊ नये. एखाद्याला बाजूने पाहायला सांगावे, कारण करणाऱ्याला ते कळत नाही. दुसऱ्यात कुशीवर पडून कोपर आणि गुडघे टेकवून कंबर वर उचलून धरावी. तिसऱ्यात पाठीवर पडून गुडघे दुमडावेत, कुल्ले आवळून वर उचलावेत आणि पाच सेकंदांनी खाली आणावेत. उताणे पडून दोन्ही पाय सरळ एकदम वर उचलणे आणि जुन्या पद्धतीचे उठून बसण्याचे व्यायाम आपण सध्या टाळावेत, कारण त्यांत पोटापेक्षा कंबरेलाच जास्त झळ लागते.

आपल्या शहराला खरे तर या बाबतीत बाहेरून काही शिकण्याची गरज नव्हती. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांत प्रो. माणिकराव यांच्या काळापासून जोर-बैठका घालणाऱ्या पिढ्या तयार झाल्या, आणि बैठक नीट शिकलेल्या माणसाला खुब्यातून वाकणे वेगळे शिकवावे लागत नाही. त्याच रावपुरा-दांडिया बाजार भागातून येणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थांना मी बैठक मारायला सांगतो, तेव्हा त्यांच्या टाचा आणि कपाळावरच्या आठ्या एकदमच वर जातात. दहा-पंधरा सावकाश बैठका, सुरुवातीला खुर्चीची पाठ धरून, आपण या व्यायामांत जरूर घालाव्यात. गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्यावरच थांबावे.

गरबा अवश्य खेळावा. नवरात्रात माझ्याकडे रुग्णांची गर्दी वाढते ती गरब्याने कंबर बिघडते म्हणून नव्हे, तर वर्षभर खुर्चीत बसलेली माणसे पहिल्या रात्री एकदम तीन तास अनवाणी, टाळीसाठी वाकत आणि गिरक्या घेत फिरतात म्हणून. नवरात्राच्या आधी सहा आठवडे वर सांगितलेले चालणे आणि व्यायाम करावेत, शेवटच्या दोन आठवड्यांत रोज पंधरा मिनिटे घरीच पावले टाकून पाहावीत, पहिल्या दोन रात्री तासाभरावर थांबावे आणि टाळी देताना खुब्यातून झुकावे. मैदानावर पोहोचल्यावर लगेच वर्तुळात शिरू नये. कडेने दोन फेऱ्या चालत मारून अंग गरम होऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या दुखल्या तर काळजी नाही. कंबरेतून पायात कळ उतरली तर मात्र त्या वर्षी थांबावे.

फरशीवर निजण्याचे कारण नाही. स्पेनमधील फ्रान्सिस्को कोव्हाक्स यांच्या गटाने २००३ साली ३१३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. चांगल्या कापसाची, खड्डा न पडलेली गादी चालते. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली. धूम्रपान करत असाल तर ते सोडण्याला कंबर हेही एक कारण आहे, कारण धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करावा. झोप अपुरी आणि मन ताणलेले असले की तेवढेच दुखणे अधिक जाणवते. ही मनाची समजूत नसून वेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेचा तो स्वभाव आहे.

वडिलांविषयीची आपली भीती मी हलकी लेखत नाही. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांवर दीर्घकाळ झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की गादीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, कष्टाच्या कामाच्या वाट्याहूनही मोठा. परंतु झीज आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एमआरआय झीज दाखवतो. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या अशा चित्रांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत गादीची झीज आणि ५० टक्के लोकांत गादीचा फुगवटा आढळला. आपला एमआरआय आज काढला तर त्यात काहीतरी निघण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि "गॅप आली आहे" हे शब्द एकदा कानांवर पडले की पुढची दहा वर्षे आपण वाकायला घाबराल. म्हणून आता एमआरआय काढू नये.

पुन्हा कंबर धरलीच, तर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहू नये. शेक घ्यावा, वेदनाशामक लागले तर डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि दर तासाला घरातल्या घरात चार पावले चालावे. सहा आठवड्यांत उतार पडला नाही किंवा दुखणे गुडघ्याखाली उतरून पायात मुंग्या येऊ लागल्या, तर तपासणी करून घ्यावी. संध्याकाळी ताप येणे, वजन उतरणे आणि रात्री कळ वाढणे ही लक्षणे एकत्र दिसली तर मणक्याच्या क्षयाचा विचार आपल्या देशात करावाच लागतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, तर ते सांध्यांच्या वाताचे लक्षण असू शकते आणि आपल्या वयात त्यासाठी संधिवाततज्ज्ञांना दाखवणे योग्य. पाऊल वर उचलता येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि बसण्याच्या जागेभोवती, म्हणजे जांघा आणि गुदद्वाराच्या भागात, बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, किंवा दोन्ही पायांतली शक्ती कमी झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. एमआरआय काढायची खरी वेळ तीच असते, आणि अशा वेळी काही तासांच्या उशिरानेही नसांचे कायमचे नुकसान होऊ शकते.